दिवाणजींची साखर

"इन्सुलिन बदलायचं तर बदलू. पण त्याआधी घरातली ताटं बघा, बेन," असं डॉक्टर नयनाबेन म्हणाल्या होत्या, आणि मोहनाला तेव्हा चक्क हसू आलं होतं.

"माझ्या घरात? माझ्या घरात मला विचारल्याशिवाय माशी बसत नाही, डॉक्टर."

नयनाबेन नुसतं "सारु", बरं, एवढंच म्हणाल्या आणि मांजराचा कान उलटा करून बघत राहिल्या. गुजराती माणूस "सारु" म्हणून गप्प बसला की ओळखावं, त्याला आपलं म्हणणं पटलेलं नाही. मोहना जन्मापासून बडोद्यातली, तिला हे कळायला हवं होतं. पण त्या दिवशी तिला नवं इन्सुलिन हवं होतं आणि बाकी काही ऐकायची तिची तयारी नव्हती.

आणि ती खोटंही बोलली नव्हती. द्राक्षं लांबट चिरल्याशिवाय तिच्या लेकीच्या, रसिकाच्या, तोंडात जात नसत. गॅसचा नॉब ती झोपायच्या आधी दोनदा तपासायची. सलीलची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, रिफायनरीतली पाळी सुटली की दहा मिनिटांत फोन आला नाही तर ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन उभी राहायची. अशा बाईच्या घरात मांजराला कोण चोरून खायला घालणार?

मांजर तसं तिचं नव्हतं. सासूबाईंचं होतं. दुर्गाबाई असताना एका दुपारी ते जिन्यातून वर आलं, उघड्या दारातून आत शिरलं आणि हॉलमधल्या झोपाळ्यावर चढून असं बसलं, की आता कुणीतरी अर्ज घेऊन समोर यावं. मोहनाच्या सासऱ्यांचे, भास्कररावांचे, आजोबा गायकवाडांच्या राज्यात खानगी खात्यात कारकून होते. "आपल्या घराण्यात कारकुनाच्या पुढे कुणी गेलं नाही," दुर्गाबाई म्हणाल्या, "निदान मांजर तरी दिवाण होऊ दे." तेव्हापासून ते दिवाणजी. भास्करराव तर त्याला अहो-जाहोच करायचे. "दिवाणजी, सरका जरा," म्हणायचे, आणि दिवाणजी सरकायचे नाहीत.

दुर्गाबाई गेल्या त्याच हिवाळ्यात दिवाणजी वाळायला लागले. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागे. मग एके सकाळी त्यांच्या लघवीच्या मातीच्या ट्रेकडे मुंग्यांची रांग लागलेली मोहनाने पाहिली. कॉलेजात तिने जीवशास्त्र घेतलं होतं. मुंग्या कशाला येतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

निजामपुऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. साखर. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की इन्सुलिन, आणि खाणं फक्त मांजरांच्या पाकिटातलं, मांसाचं. भात, पोळी, दूध सगळं बंद. पहिल्या दिवशी मोहनाची सुई कातडीतून आरपार गेली आणि इन्सुलिन दिवाणजींच्या केसांवरून ओघळून झोपाळ्यावर पडलं. पण ती शिकली. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सुई कधी घातली आणि कधी काढली हे दिवाणजींना कळेनासं झालं. कानाच्या कडेला टोचून थेंब काढायचा, पट्टीला लावायचा, आकडा बघायचा.

आणि आकडा काही उतरायचा नाही.

तिथून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही विचारू नका. चुकत कुठे होतं? वेळ चुकत नव्हती. खाणं ती वजन करून घालायची. बाटली फ्रिजच्या दारात नको म्हणून आतल्या फळीवर, छुंद्याच्या बरणीमागे, स्टीलच्या डब्यात ठेवलेली. तरी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"अगं, मांजर आहे ते," सलील एकदा म्हणाला. रात्रपाळी करून आला होता, डोळे तांबारलेले.

"तुझ्या आईचं मांजर आहे ते," मोहना म्हणाली.

शेवटी तिनेच वाचून काढलं, की मांजरांना जास्त वेळ पुरणारं एक वेगळं इन्सुलिन असतं आणि त्याने पुष्कळ मांजरं सुधारतात. ते घेऊन ती नयनाबेनकडे गेली आणि ताटाचं ते बोलणं झालं. नयनाबेननी नवी बाटली लिहून दिली. देताना मात्र तिचा हात धरून ठेवला.

"हे जुन्यापेक्षा अडीच पट कडक आहे. जुनी लाल टोपीची सिरिंज याला चालायची नाही, रेघा वेगळ्या असतात. नारिंगी टोपी. भूल करशो तो बिलाडी जशे, बेन." चुकलात तर मांजर जाईल.

मोहनाने घरातल्या सगळ्या लाल टोप्या गोळा करून दवाखान्यात परत नेऊन दिल्या. सुई भरताना ती मोठ्याने "नारिंगी" म्हणायची. दोन दिवसांत चार वर्षांची रसिकाही आतल्या खोलीतून ओरडायला लागली, "नारिंगी!" भास्करराव झोपाळ्यावरून म्हणाले, "चला, मंत्र झाला. आता आरती घ्या."

डोस अगदी थोडका सुरू केला. आठवड्याने आकडे पाठवायचे, नयनाबेन बघून किंचित वाढवायच्या. पहिला आठवडा: आकडा तिथेच. दुसरा: तिथेच. तिसऱ्यात थोडा हलला आणि पुन्हा वर गेला. डोस वाढला. पुन्हा वाढला. मोहनाला वाटायला लागलं, हे मांजर नसून सरकारी कचेरी आहे. कितीही घाला, कागद काही पुढे सरकत नाही.

एका रात्री जेवताना तिने सगळ्यांची उलटतपासणी घेतली.

"रसू, दिवाणजीला बिस्कीट दिलंस?"

"नाही. तो फूं करतो."

"सलील, मासळीची डोकी?"

"मी घरी असतो कधी?"

"बाबा, तुम्ही? दूध वगैरे?"

"दूध?" भास्करराव दुखावल्यासारखे म्हणाले. "छे गं. दुधाचा थेंब नाही. तू सांगितल्यापासून बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच तर मोहनाचं डोकं फिरायचं. सगळे खरं बोलत होते आणि मांजर वाळत होतं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, नाही असं नाही. सोमवारी सकाळचा आकडा नेहमी जरा कमी असायचा. रविवारी आपण सगळे घरी असतो, मांजराला सोबत असते, मन शांत राहतं, असा तिने त्याचा अर्थ लावला. माणसाला जे समजून घ्यायचं असतं तेच तो समजून घेतो. इतर दिवशी ती छाणीच्या शाळेत शिकवायला जायची. रसिका त्याच शाळेत बालवर्गात. सकाळी निघायचं, दुपारी दोनला परत. सलील पाळीवर नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेला. भास्कररावांचं ताट ती सकाळीच वाढून झाकून जायची. भात, आमटी, भाजी, दोन पोळ्या, तुपाची वाटी वेगळी. परत आली की ताट घासून पालथं घातलेलं दिसायचं. "बाबांचं बरं आहे," ती शाळेत मैत्रिणींना सांगायची, "ताटात शीत टाकत नाहीत."

त्या आठवड्यात भास्कररावांचे जुने मित्र उदयसिंहराव यांनी सावली गावात नवं घर बांधलं. वास्तुशांत होती. भास्करराव मंगळवारी सकाळी बसने गेले, गुरुवारी येणार होते. जाताना ते दाराशी जरा घोटाळले. "मोहना, दिवाणजींचं..." असं काहीतरी म्हणायला लागले. मोहना एका हाताने रसिकाच्या बुटाचा पट्टा लावत होती. "बघते मी बाबा, तुम्ही निघा, बस चुकेल," ती म्हणाली. तेही निघाले.

मंगळवारी दिवाणजी दिवसभर झोपून होते. बरं वाटतंय, गुंगी आहे, मोहनाला वाटलं. बुधवारी सकाळी आकडा प्रथमच चांगला आला. इतका चांगला, की तिने सलीलला झोपेतून उठवून दाखवला. "बघ. लागू पडलं शेवटी." रोजचा डोस टोचला आणि ती शाळेत गेली. वर्गात त्या दिवशी ती एकाही पोराला ओरडली नाही.

दोनला दार उघडलं. रसिका आत पळाली आणि हॉलमधून हसत ओरडली, "आई, दिवाणजी नाचतोय!"

दिवाणजी नाचत नव्हते. झोपाळ्याखाली त्यांचे मागचे पाय एकीकडे आणि पुढचे एकीकडे चालले होते. मान हलत होती. ते भिंतीकडे दोन पावलं गेले, कलंडले आणि उठायचा प्रयत्न करताना पुन्हा कलंडले. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

मोहनाच्या मनात एकच शब्द आला. लाल.

आपण लाल टोपी वापरली. एखादी कुठेतरी राहिली असणार. वापरलेल्या सुयांचा डबा तिने आधी जमिनीवर उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून टोप्या चाळल्या. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. एकही लाल नाही. मग काय? पण विचार करायला वेळ नव्हता. तिने फळीवरून मध काढला, बोटाने दिवाणजींच्या हिरड्यांना चोळला, एकदा, दोनदा. सलीलला हाक मारली. तो बनियनवर शर्ट चढवत आला आणि या वेळी मांजर आहे ते असं म्हणाला नाही. धुण्याच्या टोपलीत टॉवेल, टॉवेलात दिवाणजी, मांडीवर टोपली, शेजारी रसिका, आणि रिक्षावाल्याला मोहना सारखी म्हणत होती, "भाई, जल्दी चलावो ने, जल्दी."

नयनाबेननी पुढच्या पायाला सुई लावली, ग्लुकोज सोडलं. मीटरवर साखर इतकी खाली होती, की मोहनाने आकड्याकडे पाहून नजर फिरवली. बऱ्याच वेळाने दिवाणजींनी डोकं उचललं आणि नयनाबेनच्या बोटाला हळूच चावले. "हं," त्या म्हणाल्या, "दिवाण जागे झाले." मग खुर्ची ओढून मोहनासमोर बसल्या. "आता सांगा. दोन दिवसांत घरात काय बदललं?"

"काहीच नाही."

"काहीतरी बदललंय, बेन. एवढा डोस हे मांजर इतके दिवस पचवत होतं. आज पचवला नाही. म्हणजे त्या डोसाला पुरणारं जे काही पोटात जात होतं, ते थांबलं."

"अहो, पण मी सांगते ना तुम्हाला, काही जातच नव्हतं!" मोहनाचा आवाज चढला. रसिकाने बापाचा हात धरला. "मी वजन करून घालते, मी वेळ बघते, मी सगळ्यांना विचारलं. आणखी काय करू मी? तिथे उशाशी बसून राहू?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सावलीहून भास्करराव.

"मोहना, जेवणं झाली का तुमची? इथे काय थाट आहे अगं, श्रीखंड, पुरी... बरं, एक विचारायचं राहिलं होतं. दिवाणजींचा घास ठेवतेस ना?"

"कसला घास?"

"अगं, घास. जेवायला बसण्याआधीचा. तुझ्या सासूबाई नाही का काढून ठेवायच्या, गाईचा? इथे तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली यायला. मग ती दिवाणजींनाच द्यायची. ती गेल्यावर मी चालू ठेवला. तो चुकू नये म्हणून म्हटलं."

मोहनाने डोळे मिटले. तिला ते दिसलं. रविवारी सगळे बसले, की भास्करराव ताटातून सुपारीएवढा भात उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवायचे. दर रविवारी तिने ते पाहिलं होतं. कावळ्याचा असेल, म्हणून सोडून दिलं होतं. बिस्कीट विचारलं, दूध विचारलं. घास विचारायचं तिला सुचलंच नाही, आणि घास म्हणजे कुणाला खायला घालणं हे भास्कररावांच्या मनातही आलं नाही. देवापुढे ठेवलेल्या नैवेद्याला कुणी देवाचं जेवण म्हणून मोजतं का?

"घास केवढा असतो, बाबा?"

"केवढा म्हणजे?"

"रविवारसारखा? सुपारीएवढा?"

फोनवर मागून कुणीतरी पंगतीला हाका मारत होतं.

"बाबा?"

"रविवारी तुम्ही सगळे असता, मोहना," ते शेवटी म्हणाले. "रविवारी जेवण जातं."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी... एकट्याला नाही गं जात. दोन घास खातो. बाकीचं दिवाणजी संपवतात. आमटी-भात त्यांना आवडतो, गूळ घालतेस ना तू चांगला. ताट रिकामं दिसलं की तुलाही बरं वाटतं."

नयनाबेन समोर बसून सगळं ऐकत होत्या. मराठी त्यांना समजत होतं. "जुओ", बघा, सांगितलं होतं ना, असं म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी डोसाचा कागद घेतला आणि आकडा खोडून कितीतरी खालचा लिहिला. "ताट आवरलं तर हा पुरेल," त्या म्हणाल्या. "कदाचित जुनं इन्सुलिनसुद्धा पुरलं असतं."

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं, असं मोहनाला अजूनही वाटतं.

गुरुवारी भास्करराव आले तेव्हा ती भांडायच्या तयारीतच होती. इतके महिने! इतक्या सुया! कानाची कड टोचून टोचून चाळणी झाली होती त्या मुक्या जनावराच्या. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं तिने.

"मी तुम्हाला समोर बसवून विचारलं होतं, बाबा!"

"विचारलं होतंस," ते पिशवी खाली ठेवत म्हणाले. "चुकलं माझं. मला वाटलं, घासाला काय होतंय." मग ते वाकून झोपाळ्यावरच्या दिवाणजींना म्हणाले, "माफ करा हो, साहेब. मारलंच होतं तुम्हाला." आणि सरळ होताना त्यांनी एका हाताने पँट वर ओढली.

मोहनाची नजर त्यांच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याला एक नवं भोक होतं. घरीच, खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. त्याच्या पलीकडे आणखी एक.

दर रविवारी ती दिवाणजींना उचलून वजनकाट्यावर उभी राहायची. दिवाणजी किती ग्रॅम उतरले हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने काटा पलंगाखालून ओढला.

"उभे राहा."

"मी? अगं, मी कशाला?"

"उभे राहा म्हणते ना, बाबा."

ते लहान मुलासारखे चपला काढून उभे राहिले. आकडा मी इथे लिहीत नाही. सलीलने तो पाहिला, तोंड धुवायचं निमित्त करून आत गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मोहनाचं जुळवून ठेवलेलं भांडण तिच्या तोंडातच राहिलं. आणि याचाही तिला राग आला, कारण आता तो काढायचा कुणावर? जिच्या घरात माशी बसत नव्हती, तिच्या घरात एक माणूस रोज दुपारी थोडं थोडं कमी होत होतं, आणि ती मुंग्या बघत होती.

"दोनपर्यंत थांबाल जेवायला?" तिने विचारलं. "मी आल्यावर बसू. रसू असेल, मी असेन."

"थांबेन की," भास्करराव काट्यावरून उतरत म्हणाले. "रोज दोनपर्यंत तुमची वाटच तर बघत असतो."

आता दुपारी दोनला तिघं बसतात. रसिका ताटात भात सांडते, आजोबा तिला ओरडतात आणि तिच्या ताटातलं खातात. घास अजून निघतो. दुर्गाबाईंचा आहे, तो कसा बंद होणार? पण तो दिवाणजींच्या पाकिटातला असतो, बोटाच्या पेराएवढा, आणि मोहना तो त्यांच्या वाटणीतून वजा करते. आकडा खाली आलाय. सुई अजून आहे, "नारिंगी!" अजून आहे. भास्कररावांचा पट्टा मात्र पहिल्या भोकावर परत आलेला नाही. डॉक्टरांकडे नेलं, औषधं आणली, पण भूक काही बाटलीतून येत नाही, आणि मोहना रोज चिडते, आणि रोज वाढते.

तिचं तुम्हाला एक सांगणं आहे, तेवढं लिहून थांबते. तुमच्या घरी कुणासाठी दुपारचं ताट झाकून ठेवून तुम्ही बाहेर पडत असाल, तर एकदा न सांगता, जेवणाच्या वेळी घरी जा. फोन करून विचारू नका. फोनवर सगळेच जेवलेले असतात. ताट रिकामं आहे का तेही बघू नका. त्याच्यासमोर बसा, आणि पट्ट्याकडे, बाह्यांकडे, मनगटातल्या घड्याळाकडे एकदा नीट बघा. आज वार कुठलाही असो, रविवारपर्यंत थांबू नका. आजच जाऊन या.